दुसऱ्याच्या सर्व्हरवरची फाइल आपल्या कोडमधून वाचायची असेल तर: पीएचपी, पायथन, नोडवाल्यांसाठी सविस्तर

गोव्यात छोट्या साइट्स बनवणारे आपण बरेच जण हे काम कधी ना कधी करतोच. कुणाला होमपेजवर पावसाचे आकडे दाखवायचे असतात, कुणाला भरती-ओहोटीची वेळ, कुणाला दुसऱ्या साइटच्या फीडमधल्या नाटकांच्या तारखा. डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर, दाखवायचा आपल्या पानावर. आणि पहिल्यांदा हे इतकं सोपं वाटतं की विचारू नका, पीएचपीत फाइल गेट कंटेंट्सला फाइलच्या नावाऐवजी वेब अॅड्रेस दिला की मजकूर हातात, एक ओळ, काम संपलं. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स लायब्ररीचं गेट, नोडमध्ये फेच, तिथेही तेच.

पण घरची फाइल हाताशी असते आणि ही फाइल म्हणजे रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी पकडून चोडणला जाऊन आणायची वस्तू आहे. फेरी उशिरा येईल, गर्दी असेल, पलीकडे दुकान बंद असेल, भलतीच पिशवी हातात देतील. एका ओळीचा कोड यातलं काहीच धरत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच: बाहेरची फाइल वाचताना वेळेची मर्यादा, आकाराची मर्यादा, आलेल्या मजकुराची तपासणी आणि आधीची चांगली कॉपी, या चार गोष्टी असल्याशिवाय तो कोड लाइव्ह टाकू नका. खाली सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण म्हणून समजूया की एका अॅड्रेसवर रोज सकाळी पावसाच्या आकड्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) येते आणि ती आपल्याला वाचायची आहे.

पायरी १: कोडच्या आधी सर्व्हरवरून हाताने बघा

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडली म्हणजे सर्व्हरवरून उघडेल असं अजिबात नाही. ब्राउझर कुकीज पाठवतो, जावास्क्रिप्ट चालवतो, स्वतःची ओळख सांगतो, आणि तुमचा लॅपटॉप फोंड्याच्या घरच्या वायफायवर आहे तर सर्व्हर कुठल्यातरी परदेशी डेटा सेंटरमध्ये. काही सरकारी साइट्स भारताबाहेरच्या आयपीला दारातच अडवतात, मग तुमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतं आणि सर्व्हरवर फक्त ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. म्हणून एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) सर्व्हरवर जा आणि तिथून वेब अॅड्रेस वाचणारी करल कमांड डॅश व्ही लावून चालवा. स्टेटस कोड काय आला, रिडायरेक्ट होतंय का, कंटेंट टाइप काय लिहिलाय, कंटेंट लेंग्थ दिलीय की नाही, ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) किंवा लास्ट मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) आहे का, हे सगळं कागदावर उतरवून ठेवा, पुढे प्रत्येक गोष्ट लागणार आहे. फक्त हेडर मागवणाऱ्या हेड रिक्वेस्टवर भरवसा ठेवू नका, काही सर्व्हर हेडला नकार देतात आणि गेटला नीट उत्तर देतात.

पायरी २: होस्टिंग काय करू देतं ते बघा

शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीचं अलाउ यूआरएल एफओपन सेटिंग बऱ्याचदा बंद असतं, मग फाइल गेट कंटेंट्स वेब अॅड्रेस घेतच नाही, वॉर्निंग देऊन फॉल्स परत करतं. अशा वेळी करल एक्स्टेन्शन वापरा, ते या सेटिंगवर अवलंबून नाही. आणि खरं सांगायचं तर सेटिंग चालू असलं तरी मी करलच घ्या म्हणेन, कारण त्यात हातात कंट्रोल जास्त आहे.

इथेच एक सांगून ठेवतो. बाहेरचा अॅड्रेस इन्क्लूड किंवा रिक्वायरला कधीही देऊ नका. त्यासाठी अलाउ यूआरएल इन्क्लूड चालू करा असं सांगणारे जुने धडे अजून नेटवर सापडतात. इन्क्लूड मजकूर नुसता वाचत नाही, तो कोड म्हणून चालवतं, म्हणजे पलीकडचा सर्व्हर ज्याच्या ताब्यात, तुमचा सर्व्हरही त्याच्याच ताब्यात. ते सेटिंग मुळातच बंद येतं आणि पीएचपी ७.४ पासून डेप्रिकेट, म्हणजे 'वापरू नका'च्या यादीत गेलंय. बंदच राहू दे.

पायरी ३: टाइमआउट, आणि इथे जरा थांबूया

सगळ्यात जास्त साइट्स इथे लटकतात. डीफॉल्ट काय आहेत बघा. पीएचपीच्या स्ट्रीमला, म्हणजे फाइल गेट कंटेंट्स ज्यावर चालतं त्याला, ६० सेकंद. करलला कनेक्ट होण्यासाठी ३०० सेकंद आणि एकूण वेळेला मर्यादाच नाही. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट दिला नाही तर तो नसतोच, पलीकडचा गप्प बसला तर तुमचा प्रोग्रामही तसाच बसून राहतो. नोडचा आतला फेच, जो नोड १८ पासून आला, तो हेडरसाठी पाच मिनिटं वाट बघतो.

आता हिशोब करा. सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी एफपीएमच्या सोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये एका वेळी ५ चाइल्ड प्रोसेस असतात. होमपेजच्या कोडमध्येच बाहेरची सीएसव्ही वाचत असाल आणि पलीकडचा सर्व्हर ६० सेकंद लटकला, तर पाच जणांनी पान उघडलं की पाचही प्रोसेस अडकल्या, सहाव्या माणसाला तुमचं साधं संपर्क पानसुद्धा उघडत नाही. पावसाचा आकडा दुसऱ्याचा, बंद पडली तुमची साइट.

मॅक्स एक्झिक्युशन टाइम, म्हणजे स्क्रिप्ट किती सेकंद चालू द्यायची ही पीएचपीची मर्यादा, वाचवेल असं अनेकांना वाटतं. लिनक्सवर वाचवत नाही, कारण नेटवर्कची वाट बघण्यात गेलेला वेळ पीएचपी त्यात मोजतच नाही, फक्त स्क्रिप्ट स्वतः चालते तेवढाच वेळ धरला जातो.

दुसरी बारीक गोष्ट, पीएचपीच्या स्ट्रीम कॉन्टेक्स्टमधला टाइमआउट आणि रिक्वेस्ट्सचा टाइमआउट हे एकूण वेळेचे नाहीत, दोन वाचनांच्या मध्ये किती वेळ शांतता चालेल याचे आहेत. पलीकडचा सर्व्हर दर चार सेकंदांनी एकेक बाइट टाकत राहिला तर पाच सेकंदांचा टाइमआउट कधीच लागत नाही आणि डाउनलोड तासभरही चालू राहू शकतं. करलमध्ये हा प्रश्न सुटतो, कनेक्ट टाइमआउट ५ सेकंद आणि टाइमआउट २० सेकंद असे दोन ऑप्शन द्या, दुसरा एकूण वेळेचा असतो. रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउटला दोन आकड्यांची जोडी द्या, पहिला कनेक्टचा, दुसरा वाचण्याचा, आणि स्ट्रीम ट्रू करून तुकड्यातुकड्याने वाचताना सुरुवातीपासून किती सेकंद झाले ते स्वतः तपासून लूप तोडा. नोडमध्ये अबॉर्ट सिग्नलचं टाइमआउट वापरा, ते मिलिसेकंदात असतं हे विसरू नका, २० लिहिलं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत रिक्वेस्ट मेली.

पायरी ४: आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही

स्टेटस कोड तपासायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पीएचपीचं फाइल गेट कंटेंट्स ४०४ ला (फाइल सापडली नाही) फॉल्स देतं, पण रिकामी फाइल आली तर रिकामी स्ट्रिंग देतं, आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून इथे तीन बरोबरच. करल ४०४ ला एरर मानत नाही, पानाचा मजकूर आनंदाने हातात देतं, म्हणून रिस्पॉन्स कोड मागून घ्या. नोडचा फेचही ४०४ किंवा ५०० ला एरर फेकत नाही, ओके ही प्रॉपर्टी बघावी लागते. रिक्वेस्ट्समध्ये रेझ फॉर स्टेटस ही एक ओळ टाका.

स्ट्रीमवाल्यांसाठी एक खाच: रिडायरेक्ट झालं तर हेडरच्या यादीत प्रत्येक टप्प्याचे हेडर एकाखाली एक येतात. यादीतली पहिली ओळ वाचली तर ३०१ दिसेल, खरा कोड शेवटच्या स्टेटस ओळीत असतो. तसंच पीएचपी मुळात यूजर एजंट पाठवतच नाही आणि बरेच सर्व्हर अशा बिननावाच्या पाहुण्याला ४०३ देऊन परत पाठवतात. तुमच्या साइटचं नाव आणि संपर्काचं पान यूजर एजंटमध्ये लिहा. ब्राउझर असल्याचं सोंग आणू नका, उद्या त्यांना तुमच्यामुळे त्रास झाला तर ब्लॉक करण्याआधी कळवता तरी येईल.

एवढं करूनही २०० कोड आणि आत "साइट देखभालीसाठी बंद आहे" असं एचटीएमएल पान, हे नेहमीचं आहे. म्हणून कंटेंट टाइप बघा, पण त्यावरही थांबू नका, सीएसव्हीची पहिली ओळ अपेक्षित कॉलमच्या नावांशी जुळते का ते बघा, ओळी किमान जितक्या असायला हव्यात तितक्या आहेत का, तारीख आजची आहे का. तारखेचं विशेष सांगतो, हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात, आणि तुमच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं जिथे आपले साडेआठ म्हणजे पहाटेचे तीन. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) ८:३० लिहून ठेवलं तर तो आपल्या दुपारी दोन वाजता चालेल.

पायरी ५: मराठी मजकूर

आपल्या लोकांना खरा त्रास इथे होतो आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये यावर एक ओळ सापडत नाही. ही फाइल बघा:

केंद्र,तारीख,पाऊस
वाळपई,२०२५-०७-१४,८२.४
सांगे,२०२५-०७-१४,६७.०

पहिली अडचण, एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन न दिसणारे बाइट असतात. त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव डोळ्यांना "केंद्र" दिसतं पण कोडला ते "केंद्र" नसतं, आणि नाव जुळत नाही म्हणून माणूस तासन्तास डोकं खाजवतो. पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग एन्कोडिंगने वाचा, पीएचपीत पहिले तीन बाइट तपासून कापा.

दुसरी, सर्व्हरने टेक्स्ट सीएसव्ही असं सांगितलं पण कॅरसेट सांगितला नाही तर रिक्वेस्ट्स त्याला आयएसओ-८८५९-१ समजतं आणि "पाऊस"च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. डेटा खराब झालेला नसतो, फक्त चुकीचा वाचलेला असतो. टेक्स्ट मागायच्या आधी एन्कोडिंग स्वतः यूटीएफ-८ करा, किंवा कच्चे बाइट घेऊन स्वतः डीकोड करा.

तिसरी, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कोडचिन्ह तीन बाइटचं. फाइल ८१९२ बाइटच्या तुकड्यांनी वाचली तर तुकडा अक्षराच्या मधोमध तुटू शकतो, कारण ८१९२ ला तीनने भाग जात नाही आणि मध्ये स्वल्पविरामासारखी एका बाइटची चिन्हंही असतात. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केलात तर मधेमधे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसणार. आधी सगळे बाइट फाइलमध्ये लिहा, मग ओळीओळीने वाचा.

चौथी सगळ्यात घातक. आकडे देवनागरीत असतील तर पायथनचा फ्लोट "८२.४" नीट समजतो, पण पीएचपीत फ्लोटमध्ये कास्ट केलं तर शून्य मिळतं आणि जावास्क्रिप्टचा पार्स फ्लोट नॅन (म्हणजे 'हा आकडा नाही') देतो. नॅन दिसल्यावर निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. शून्य मात्र पावसाचा खरा आकडा असू शकतो, पान सुंदर दिसतं आणि भर जुलैत वाळपईत शून्य पाऊस छापून येतो. दहा अंकांचा तक्ता करून पीएचपीत एसटीआर-टीआरने बदला, मग तो आकडाच आहे का हे इज न्यूमेरिकने तपासा, मगच कास्ट करा.

पाचवी अॅड्रेसमधलीच. फाइलचं नाव मराठीत असेल तर ते पर्सेंट एन्कोड करावं लागतं. "पाऊस" हे चार कोडचिन्हांचं नाव, म्हणजे बारा बाइट, म्हणजे एन्कोड केल्यावर ३६ अक्षरं. रॉ यूआरएल एन्कोड फक्त फाइलच्या नावावर चालवा, पूर्ण अॅड्रेसवर चालवलं तर स्लॅश आणि कोलनसुद्धा बदलून अॅड्रेसच मोडतो. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आली तर मात्र एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्यासाठी त्या त्या फॉन्टचं कन्व्हर्टरच लागतं.

पायरी ६: मोठी फाइल

पीएचपीची डीफॉल्ट मेमरी मर्यादा १२८ एमबी. सगळी फाइल एका व्हेरिएबलमध्ये ओढली, मग तिचे ओळींचे तुकडे करून अॅरे बनवला, की मूळ फाइलच्या कितीतरी पट मेमरी जाते. करलला फाइल ऑप्शन देऊन थेट डिस्कवर उतरवा आणि एफगेट सीएसव्हीने ओळ ओळ वाचा. कंटेंट लेंग्थवर विसंबून आकार ठरवू नका, ती नसूही शकते, किंवा मजकूर जीझिप होऊन येत असेल तर ती दाबलेल्या फाइलची असते. लिहिताना बाइट मोजा, ठरवलेली मर्यादा ओलांडली की तिथेच तोडा. जीझिपचं आलंच आहे तर, करलमध्ये एन्कोडिंग ऑप्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की ते स्वतः मागतं आणि स्वतः उलगडतं, फाइल गेट कंटेंट्स मात्र उलगडत नाही, तुम्ही हेडरमध्ये जीझिप मागितलंत तर कच्चा गोळाच हातात येतो.

पायरी ७: पान उघडताना बाहेर जायचंच नाही

हे केलंत तर अर्धे प्रश्न आपोआप जातात. बाहेरची फाइल आणायचं काम क्रॉनला द्या, पान फक्त तुमच्या डिस्कवरची कॉपी वाचेल. क्रम असा: तात्पुरत्या नावाने फाइल उतरवा, पायरी ४ आणि ५ मधल्या सगळ्या तपासण्या करा, पास झाली तरच रीनेम करून खऱ्या नावावर ठेवा. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवा, कारण एकाच फाइलसिस्टिममध्ये रीनेम एका झटक्यात होतं आणि कुणालाही अर्धवट फाइल दिसत नाही. टीएमपी फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर रीनेम आतून कॉपी करतं आणि तो फायदा गेला. तपासणीत नापास झाली तर जुनी कॉपी तशीच राहू द्या आणि पानावर "शेवटचं अपडेट" म्हणून त्या कॉपीची तारीख-वेळ स्पष्ट दाखवा. कालचा आकडा कालचा म्हणून दाखवणं लोकांना चालतं.

क्रॉन आधीचा संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून एफलॉक (फाइलवरचं कुलूप) लावा. आणि दर वेळी सगळी फाइल ओढायची गरज नाही, मागच्या वेळचा ईटॅग जपून ठेवून इफ नन मॅच हेडरमध्ये पाठवा, फाइल बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ आणि रिकामं उत्तर देतो. ईटॅग नसेल तर लास्ट मॉडिफाइडची तारीख इफ मॉडिफाइड सिन्समध्ये पाठवा. पलीकडच्याचं बँडविड्थ वाचतं, तुमचंही.

पुन्हा प्रयत्न करायचा तो टाइमआउट, ४२९ (फार वेळा मागितलंत) किंवा ५०० च्या घरातल्या कोडवरच. ४०४ वर पुन्हा पुन्हा ठोकून फाइल उगवत नाही. थांबण्याची वेळ दर वेळी दुप्पट करा, त्यात थोडी रँडम भर घाला, आणि रिट्राय आफ्टर हेडर आला तर तो सांगेल तेवढं थांबा. क्रॉनही बरोबर शून्य मिनिटाला लावू नका, त्याच क्षणी सगळं जग त्या सर्व्हरवर तुटून पडलेलं असतं, ३७ व्या मिनिटाला लावा.

पायरी ८: अॅड्रेस यूजरकडून येत असेल तर

आतापर्यंत अॅड्रेस आपण कोडमध्ये लिहिलेला होता. पण "इमेजची लिंक द्या, आम्ही आणू" असा फॉर्म असेल तर सगळा खेळ बदलतो, कारण आता कुणीही तुमच्या सर्व्हरला हवं तिथे पाठवू शकतो. बाहेरून न दिसणारं तुमचं अॅडमिन पॅनेल, डेटाबेस, क्लाउड सर्व्हरची आतली माहिती देणारा १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटा अॅड्रेस, सगळं तुमच्या सर्व्हरला आतून दिसतं. याला एसएसआरएफ (सर्व्हर साइड रिक्वेस्ट फोर्जरी) म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून १० कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली त्यात हाच मार्ग वापरला गेला, आणि २०२१ च्या ओवास्प टॉप टेनमध्ये (वेब सुरक्षेतल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी) याला स्वतंत्र जागा मिळाली.

जमत असेल तर ठरावीक डोमेनची यादी ठेवा आणि बाकी सगळं नाकारा, हा सगळ्यात मजबूत उपाय. जमत नसेल तर फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस चालू द्या, नाहीतर फाइल कोलन स्लॅश स्लॅश लिहून कुणीतरी तुमची पासवर्डची कॉन्फिग फाइलच मागेल. होस्टचं नाव आयपीत बदलून १०, १२७, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१, १६९.२५४ या रेंज आणि आयपीव्ही-६ मधल्या तशाच रेंज अडवा. तपासलेल्याच आयपीला कनेक्ट करा, करलचा रिझॉल्व्ह ऑप्शन त्यासाठीच आहे, कारण तपासताना एक आयपी आणि कनेक्ट करताना दुसरा देणारे डीएनएस मुद्दाम बनवता येतात. रिडायरेक्ट आपोआप फॉलो करू नका, प्रत्येक नवा अॅड्रेस पुन्हा याच तपासणीतून काढा.

आणि एसएसएल व्हेरिफाय बंद करून "चाललं" म्हणू नका. सर्टिफिकेटची एरर आली की बहुतेक वेळा तुमच्या सर्व्हरवरचं रूट सर्टिफिकेटचं पॅकेज जुनं असतं, किंवा सर्व्हरचं घड्याळ चुकलेलं असतं, किंवा पलीकडच्याने मधलं सर्टिफिकेट लावलेलं नसतं. ३० सप्टेंबर २०२१ ला, फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेट्स ज्यावर टेकलेली होती ते आयडेनट्रस्टचं जुनं रूट संपलं तेव्हा जगभर जुन्या सर्व्हरवर हीच एरर आली, आणि सीए सर्टिफिकेट्सचं पॅकेज अपडेट करणं हा बरोबर मार्ग होता. काही जुन्या मशीनवर ओपनएसएसएलही बदलावं लागलं.

पायरी ९: मुद्दाम मोडून बघा

लाइव्ह टाकायच्या आधी स्वतःच्या मशीनवर नेटकॅट या छोट्या कमांडने एक पोर्ट उघडून ठेवा जो कनेक्शन घेतो पण काहीच बोलत नाही, आणि कोड त्यावर सोडा. ठरलेल्या सेकंदांत सुटला पाहिजे. मग डाउनलोड चालू असताना नेटची केबल काढा, पावसाळ्यात आपल्याकडे लाइट आणि नेट जातंच, ते आधी टेबलावर करून बघितलेलं बरं. मग सीएसव्हीच्या जागी एक एचटीएमएल पान ठेवा, रिकामी फाइल ठेवा, अर्धवट कापलेली ठेवा, बीओएमवाली ठेवा. प्रत्येक वेळी पानावर जुनी कॉपी आणि तिची तारीख दिसली पाहिजे.

लॉगमध्ये दर फेरीला एक ओळ लिहा: वेळ, अॅड्रेस, स्टेटस कोड, किती बाइट, किती सेकंद, ओळी किती वाचल्या आणि कुठल्या तपासणीत नापास झाली. अॅड्रेसमध्ये टोकन असेल तर ते कापून लिहा. आणि चांगली कॉपी २६ तासांपेक्षा जुनी झाली की स्वतःला मेल जाईल अशी एक छोटी स्क्रिप्ट वेगळ्या क्रॉनवर ठेवा. २४ धरले तर फाइल अर्धा तास उशिरा आली तरी उगाच मेल येतात, आणि उगाच येणारे मेल माणूस लवकरच वाचायचे सोडून देतो.